मदत हवी आहे: पाँपेई, आईचे गुडघे आणि हस्तिदंती 'लक्ष्मी'

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन इटलीला जातेय. पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या अवशेषांसाठी एक दिवस आणि नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी अर्धा दिवस हातात आहे. आईचे गुडघे कुरकुरतात आणि तिथले रस्ते म्हणजे ओबडधोबड काळे दगड, त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. त्यामुळे सगळं पाहायचा अट्टहास नाही.

आईला भित्तिचित्रांपेक्षा तिथल्या खाण्यापिण्यात रस! इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या एका बेकरीच्या भट्टीत ८१ पाव सापडले, पार कोळसा झालेले. असे पाव गोल असायचे, वरून आठ फोडींच्या खुणा पाडलेले. हे वाचल्यापासून ती तेच धरून बसलीय. खाणावळींचे रांजण बसवलेले ओटेही तिला बघायचेत.

माझा जीव मात्र १९३८ साली तिथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीत अडकलाय. जेमतेम वीतभर उंचीची. सगळे 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतात, मला ती यक्षीच वाटते. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तशीच हस्तिदंती बाई पाहिली होती, तेव्हापासून ही डोक्यात आहे.

तर जाऊन आलेल्यांनी सांगा:
पाँपेईत कुठल्या दाराने शिरलं तर चढ कमी लागतो? बेकरी आणि खाणावळी एकाच फेरीत, दोन-तीन तासांत होतील का? मूर्ती संग्रहालयाच्या 'गुप्त दालनात' (कामुक कलाकृती ठेवलेल्या दालनात) असते म्हणे, त्यासाठी वेगळी वेळ घ्यावी लागते का?

आणि हो, मध्ये बसायला सावली कुठे मिळेल तेही लिहा.