संगीताच्या बैठकीत दुसऱ्याची वाजवण्याची पाळी चालू असताना आपण काय करावे?

प्रश्न:
दोन वर्षे घरी एकट्यानेच गिटार वाजवल्यानंतर मी अलीकडे एका अनौपचारिक जॅममध्ये (एकत्र जमून वाजवण्याच्या बैठकीत) बसू लागलो आहे. मागच्या वेळी एका व्हायोलिनवादकांची मुख्य सुरावट वाजवण्याची पाळी चालू असताना मी नेहमीच्याच जोराने साथीचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवत राहिलो. मान वर केली तेव्हा ते गज खाली घेऊन माझ्याकडे पाहत होते. कोणी काही बोलले नाही, त्यामुळे नेमके काय चुकले हे मला अजून कळलेले नाही.

उत्तर १:
बहुधा आवाज चुकला. ज्याची पाळी आहे त्याचे वाद्य स्पष्ट ऐकू येत नसेल तर आपण जोरात वाजवत आहोत, एवढीच कसोटी मी लावतो. अशा वेळी तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा गिटारीच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) तारांवर टेकवून आवाज दाबावा. दुसरा गिटारवादक आधीच खुल्या तारांचे कॉर्ड वाजवत असेल, तर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून गिटारीच्या मानेवर वर जावे, नाहीतर सरळ थांबावे. दोन गिटारींचे ठोके जरासे मागेपुढे पडू लागले की सगळ्यांचीच लय गढूळ होते. स्वतःची पाळी आल्यावर मात्र संकोच नको. १२ बारांच्या (मात्रांच्या १२ गटांच्या) ब्लूजमध्ये एक-दोन आवर्तने घ्यावीत आणि संपवताना पुढच्याकडे पाहावे.

उत्तर २:
सहमत आहे, परंतु हे संकेत सगळीकडे सारखे नसतात. आयरिश बैठकीत अशी पाळी फारशी नसतेच; सगळे मिळून एकच धून बहुधा तीनदा वाजवतात आणि न थांबता पुढच्या धुनेत शिरतात, म्हणून ती येत नसेल तर ऐकत बसणे हाच तिथला शिष्टाचार. अमेरिकी ओल्ड-टाइम (जुन्या लोकसंगीताच्या) बैठकीत सुरुवात करणाऱ्याने पाय उचलला की शेवटची फेरी समजायची. जॅझमध्ये कोणी डोक्यावर हात ठेवला, तर त्याचे डोके दुखत नसते. मूळ धुनेकडे, म्हणजे इंग्रजीत ‘हेड’कडे, परतायचे असते.

उत्तर ३:
इतर वाजवत असताना मोठ्याने सूर जुळवू नये. क्लिपचा ट्यूनर वाद्याचे कंपनच टिपतो, त्यामुळे तार हलकेच छेडली तरी पुरते. तो ४४० हर्ट्झवर (नेहमीच्या प्रमाण सुरावर) आहे ना, हेही पाहावे. माझा एकदा ४३५ वर सरकला होता आणि मी अर्धा तास बासरीवाल्याला नावे ठेवत होतो.

प्रश्नकर्ता:
त्या व्हायोलिनवादकांनाच विचारले. आवाज जास्त होता हे त्यांनी मान्य केले, पण गज खाली घेतला होता तो पाळी मला देण्यासाठी, आणि मी मान खाली घालून कॉर्डचा कागद वाचत होतो.