अंदाजातल्या पावसाच्या भरवशावर गव्हाचं पाणी लांबवू नका

गहू पोटरीत आहे, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणातच आहे. अंदाज असा: बुधवारी पावसाची शक्यता ४० टक्के, गुरुवारी आभाळ मोकळं, शुक्रवारी पहाटे किमान २ अंश. बरेच जण म्हणतायत, पाऊस येतोच आहे, पाणी कशाला? मला हे मुळीच पटत नाही. ४० टक्के ही पाऊस येण्याची शक्यता झाली, किती पडेल ते त्यात नाही. दोन मिलिमीटर भुरभुरला तर पानं भिजतील, जमीन कोरडीच. शिवाय ते २ अंश म्हणजे जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर, आडोशात ठेवलेल्या तापमापकाचा आकडा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पिकापाशी त्याहून दोन-चार अंश कमी भरतात, म्हणजे दहिवर (गोठलेलं दव) पडायची भीती. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते. आजच हलकं पाणी द्या.

प्रतिसाद १: असहमत. गेल्या हंगामात असंच पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्यासकट सर आली. सकाळी बांधावरून पाहिलं तर निसवलेला (ओंब्या बाहेर पडलेला) गहू एकाच दिशेला झोपलेला, ओंब्या चिखलात. दाणा बारीक राहिला. दहिवर पडेल न पडेल, लोळणं मी डोळ्यांनी पाहिलंय.

धागाकर्ता: निसवल्यावर धोका जास्त, कारण शेंड्याला ओंबीचं वजन येतं. पोटरीत तेवढा नाही. म्हणून तर हलकं म्हटलं.

प्रतिसाद २: दोघंही दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान, विसरताय. तो शून्याच्या बराच वर असेल तर दव पडताना उष्णता सुटते आणि पारा सावकाश उतरतो. पावसाचा पट्टा सरकला की मागून कोरडी हवा येते, तेव्हा खरी भीती. बुधवारी संध्याकाळचा अंदाज बघून ठरवा, तो आजच्यापेक्षा पक्का असेल.

धागाकर्ता: आणि पाणी फिरायला चार दिवस लागतात त्यांनी काय करायचं? बुधवारी ठरवून शुक्रवारच्या पहाटेपर्यंत शेत भिजत नाही.

प्रतिसाद १: मग सगळं भरूच नका. गार हवा उतारावरून खाली येऊन खोलगटात साचते. आधी तेवढंच भिजवा, उंचवटा राहू द्या. एवढं मला मान्य आहे.

प्रतिसाद २: आणि दहिवर पडलंच तर त्याच सकाळी पीक गेलं म्हणून मोडू नका. आठवडाभर थांबा, पोटरी उभी चिरून कोवळी ओंबी बघा. टवटवीत, हिरवट असेल तर जिवंत, पांढरी पडून मऊ झाली असेल तर गेली.

धागाकर्ता: खोलगटाचं पटलं. आज रात्री खालच्या चार वाफ्यांना लावतो, बाकीचं बुधवारी बघू.