एकूण वजन बसतंय, पण मागचा अ‍ॅक्सल?
बरेच जण म्हणतात की ट्रकच्या पासिंगच्या (मंजूर एकूण वजनाच्या) आत माल भरला की वजनकाटा गाठायची गरज नाही. हे अर्धंच खरं. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला 2018 पासून गाडी आणि माल मिळून कमाल 18.5 टन चालतात, पण ते पुढच्या चाकांवर 7 आणि मागच्या चाकांवर 11.5 असे. (जुन्या गाडीला आरसीवर लिहिलेलंच वजन लागू.) हमाल माल फाळक्याकडे (मागच्या दाराकडे) रचतात, उतरवायला सोपा म्हणून. मग एकूण 18 टन असूनही मागे 12 च्या वर जातात, पाटे (स्प्रिंगा) बसतात, स्टिअरिंग हलकं लागतं.

तपासायचं असं: आधी पूर्ण गाडी काट्यावर, मग फक्त पुढची चाकं. वजाबाकी म्हणजे मागचा भार. बाहेरची जमीन काट्याच्या पातळीत हवी आणि ब्रेक सोडलेले, नाहीतर आकडा फसवा येतो. 5 मीटर व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 10 टन माल 40 सेंटिमीटर पुढे सरकवला की मागचे 800 किलो कमी होतात.

आणि मालकांनो, मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 चा जादा वजनाचा दंड फक्त ड्रायव्हरचा नाही. जादा भरू देणाराही त्यात येतो. 20,000, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय माल उतरवायचा खर्च. वजनाला गाडी थांबवली नाही तर 40,000.