तांदळाचा साठा विक्रमी म्हणतात, मग कोलमचा भाव का उतरंना?

विट्याचा_किराणावाला
नमस्कार मंडळी, विट्यात माझं छोटं किराणा दुकान आहे, शिक्षण बारावीपर्यंतच, तेव्हा प्रश्न येडपट वाटला तर सांभाळून घ्या. धाकटी बहीण एमपीएससी करते, तिनं दुकानामागच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता चिकटवलाय, भारताचा तांदूळ, दरवर्षीचं उत्पादन, आयात, निर्यात आणि शेवटी ‘साठ्यातील बदल’ असा रकाना. त्यात काही वर्षं अधिक आणि काही वर्षं चक्क वजा. आता साठा वजा कसा काय असंल? माझा माल संपला तर शून्य होतो, वजा कुठं होतो.
दुसरं म्हणजे १ एप्रिल २०२५ ला सरकारी तांदूळ ६३० लाख टन होता, त्या तारखेला तोवरचा सगळ्यात जास्त, असं वाचलं. मग होलसेलवाला मला कट्ट्यामागं एक रुपया पण का सोडत नाही? गिऱ्हाईक मोबाईलवर बातमी दाखवून माझ्याशीच भांडतंय राव.

थप्पीवाले_काका
मिरजेकडं धान्याच्या गोदामात नोकरी करून रिटायर झालोय, जन्म थप्प्या मोजण्यात गेला म्हणा ना. भाऊ, तो रकाना साठ्याचा नाही, बदलाचा आहे. तुमच्या दुकानाचंच धरा, गेल्या गुढीपाडव्याला मोजले तेव्हा ४० कट्टे, वर्षात ३०० आले, ३१० गेले, या पाडव्याला ३० राहिले. बदल वजा १०. दुकान काय रिकामं झालं नाही. देशाचा हिशोब हाच, सुरुवातीची शिल्लक अधिक पीक अधिक आयात, त्यातून खाल्लेलं, बियाणाला ठेवलेलं, परदेशी गेलेलं, उंदीर-किडीनं नेलेलं वजा करा, राहील ती अखेरची शिल्लक.
पण खरी गोम तारखेत आहे. नवीन भात ऑक्टोबरपासून खरेदीत येतं, थंडीभर भरणा चालतो, आणि रेशनला माल तर बाराही महिने जातोच. म्हणून सप्टेंबर संपताना गोदाम उतरलेलं असतं आणि एप्रिलला छाती फुगवून बसलेलं. सरकारनं किमान किती ठेवायचं याचे आकडे पण चार तारखांना चार आहेत, १ जानेवारीला ७६.१ लाख टन, १ एप्रिलला १३५.८, १ जुलैला १३५.४ आणि १ ऑक्टोबरला १०२.५. एखादा यंदाचा एप्रिल आणि गेल्या सालचा ऑक्टोबर शेजारी मांडून ‘साठा दुप्पट’ म्हणून ओरडायला लागला की समजायचं ह्यानं गोदाम बाहेरनं पण बघितलं नाही.
अजून एक, त्या ६३० लाखात गिरणीत भरडाईची वाट बघत पडलेलं भात पण तांदूळ करून धरलंय. १०० किलो भाताला ६७ किलो तांदूळ असा उतारा धरतात. कुठल्या बातमीत ते भात धरतात, कुठल्या नाही, आणि दोन्हीत एप्रिलला लई मोठा फरक पडतो. पोरं हेच विसरतात.

धूळवाफ_शिराळा
काकांनी बरोबर सांगितलं पण भावाचं राहिलं. आमच्या शिराळ्यात मे महिन्यात धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, भात टोकतो आम्ही, इंद्रायणी असली तर निम्मं गिऱ्हाईक मळणीच्या आधीच बोलून ठेवतं, पुण्या-मुंबईचे पाहुणे गाडीच्या डिकीत घालून नेतात. यातलं एक पोतं पण सरकारी थप्पीला जात नाही. सरकार हमीभावानं घेतं, २०२५-२६ ला साध्या भाताला क्विंटलला २३६९ रुपये, आणि आपल्या राज्यातली ही खरेदी मुख्यतः गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर तिकडं. देशाचा विचार केला तर पंजाब, छत्तीसगड, तेलंगणा. तो माल रेशनचा. किराणावाले भाऊ, तुमचं गिऱ्हाईक मागतंय जुना बारीक कोलम, आणि गोदामात आहे जाडा. आमची आई रेशनचा तांदूळ आंबोळीला आणि इडलीला काढते, जेवायला घरचा. आता जाडा पडून राहिला म्हणून बारीक स्वस्त कसा व्हायचा?

कृष्णाकाठचा_बंड्या
साठा कुठं गेला ते मी सांगतो, आमच्या माळ्यावर आहे 😄 २०२५ च्या जूनमध्ये पावसापाण्याचं म्हणून जून-जुलै-ऑगस्ट तिन्ही महिन्यांचं रेशन एकदम उचलायला लावलं. चार तास लाईन, आजीचा अंगठा मशीनवर उठंना, शेवटी साबणानं हात धुऊन, परकराला पुसून पाचव्या खेपेला उठला. आता दोन पिपं भरून तांदूळ, वरनं कडुलिंबाचा पाला, तरी पोरकिडे पिपाच्या काठावरनं फिरायला निघतात. आजी शेजारणीला सांगत्ये की ह्यात प्लास्टिकचे दाणे आहेत, मी सांगून थकलो की ते फोर्टिफाईड, म्हणजे लोह-जीवनसत्त्वं घातलेले दाणे आहेत, शंभर दाण्यांत एक मिसळलाय.
माझा पण एक प्रश्न, सरकारच्या वहीत तो तांदूळ जूनमध्येच गेला ना? खाल्ला तर कुणीच नाही.

थप्पीवाले_काका
बंड्या, चेष्टेत लाख मोलाचं बोललास. गोदामातनं उचल झाली की आमच्या लेखी साठा कमी. तुझं पिप कुणी मोजत नाही. म्हणून सरकारी साठा वेगळा आणि देशातला एकूण साठा, म्हणजे व्यापारी, गिरण्या, घरातली पिपं धरून, तो वेगळा. दुसरा कायम अंदाजाचाच.

अभ्यासिका_कराड
यात निर्यातीचा भाग घाला म्हणजे अलीकडचा चढ कळेल. सप्टेंबर २०२२ ला तुकडा तांदळाची निर्यात बंद आणि साध्या पांढऱ्या तांदळावर २०% शुल्क, मग २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद, पुढच्याच महिन्यात उकड्यावर पण २०%. जगाच्या तांदूळ व्यापारात आपला वाटा ४०% च्या आसपास, तोच दरवाजा लावून घेतला, आणि इकडं हमीभावाची खरेदी चालूच. माल जाणार कुठं? २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बहुतेक बंधनं उठवली तरी १ जानेवारी २०२५ ला साठा ६०९ लाख टन झालाच होता, म्हणजे काकांनी सांगितलेल्या त्या तारखेच्या किमान साठ्याच्या आठपट. नंतर ५२ लाख टन इथेनॉलला द्यायचं ठरलं, क्विंटलला २२५० रुपयांनी. म्हणजे हमीभावानं भात घ्यायचं, भरडायचं, सांभाळायचं आणि भातापेक्षा कमी दरानं तांदूळ विकायचा. आपल्या ऊसवाल्या भागात इथेनॉल समजावून सांगायला नको, पण हा व्यवहार मला तरी पचत नाही.
आणि ताईंना सांगा, तक्ता कुठला आहे ते आधी बघा. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या जुन्या ताळेबंदात साठ्यातून बाहेर काढलेला माल अधिक लिहायचे, नव्या पद्धतीत साठ्यात भर पडली की अधिक. म्हणजे चिन्ह नेमकं उलटं. मी चाचणी परीक्षेत याच्यावर मार्क घालवलेत.

विट्याचा_किराणावाला
सगळ्यांचे आभार. बहिणीला हे दाखवलं तर ती आधी माझ्यावरच चिडली, मग तक्ता भिंतीवरनं काढून उलटासुलटा बघितला. खाली एक बारीक तळटीप होती, ती झेरॉक्सवाल्यानं अर्धी कापलीय, ‘वजा चिन्ह म्हणजे’ एवढंच दिसतंय. उद्या मूळ कागद बघायला जाणार आहे.
गिऱ्हाइकाला शिराळकर भाऊंचं उत्तर ऐकवलं, जाडा घ्या, तो स्वस्त आहे म्हटलं, तर म्हणतो नको, कोलमच द्या.
काका एकच राहिलं, माझी मोजणी दिवाळीला असते, पाडव्याला नाही. चाललं का?

थप्पीवाले_काका
चालतंय की. दिवाळी तर दिवाळी, फक्त दरसाल तीच धरा. आणि फुटका कट्टा मोजायला विसरू नका, आमच्याकडं सगळी भांडणं त्याच्यावरनंच व्हायची.