आजोबांच्या जीपमधला चौथा दांडा: काढून टाकू की ठेवू?

द्राक्षबाग_दिंडोरी

नमस्कार मंडळी. मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग सांभाळते. गाड्यांमधलं फार कळत नाही, पण ट्रॅक्टरची बारीकसारीक कामं स्वतः करते, त्यामुळे पाना हातात धरायची भीती नाही.

प्रश्न आजोबांच्या जीपचा आहे. महिंद्राची सीजे-३बी, आरसी बुकावर १९६६ साल, पेट्रोल इंजिन, उंच बोनेट. आजोबांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून जीप पॅकिंग शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती. यंदा गोडी छाटणी आटोपली आणि मी ती बाहेर काढली. टाकी उतरवून धुतली, नवी बॅटरी लावली, कार्बोरेटर साफ केला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झाली. आवाज ऐकून आई पीठ लागलेल्या हातांनी शेडपर्यंत आली आणि काही न बोलता बोनेटवर हात ठेवून उभी राहिली.

आता अडचण सांगते. गिअरचा दांडा सोडून या जीपला खाली आणखी तीन दांडे आहेत. शेजारच्या गावात अशीच जीप आहे, तिला दोनच आहेत. हा जास्तीचा दांडा बारीक आहे, वरचा काळा गोळा हाताने घासून गुळगुळीत झालाय, आणि तो जागचा हलत नाही. शिवाय पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध हाताने फिरवायच्या तबकड्या आहेत, त्यावर इंग्रजीत वॉर्न असं कोरलंय.

जीप सपाटीला बरी पळते. पण पन्नासच्या पुढे गेली की पायाखालून एकसुरी घुमल्यासारखा आवाज येतो. आणि चढावर अगदीच जीव नाही. पेठ रस्त्याला सावळघाटात नेली तर तिसऱ्या गिअरवर लगेच दम सोडते, दुसऱ्यावरही कण्हतच चढते. नाशिकच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी दहा मिनिटांत निकाल दिला: इंजिन संपलं, ते काढा, डिझेल बसवा, आणि खालची ती जोडाजोडी भंगारात द्या. 'कोणीतरी हौसेनं काहीतरी लावून ठेवलंय' असं म्हणाले.

ते वाक्य मला लागलं. आजोबा उगाच काही लावणारे नव्हते. त्यांची जीपची वही माझ्याकडे आहे. १९७३ च्या एका पानावर त्यांच्या अक्षरात आहे: 'ओ. ड. बसविला. माळावर घालणे, घाटात काढणे. मुंबईस जाताना पूर्वी २७ लिटर, आता २३.' पानाच्या कडेला ग्रीस लागलेल्या अंगठ्याचा ठसा आहे, त्यातल्या रेषा अजून मोजता येतात. आई सांगते की आजोबांचे चुलतभाऊ जहाजावर इंजिनिअर होते, त्यांनी परदेशातून एक लाकडी खोकं आणलं होतं आणि ते महिनाभर ओसरीवर पडून होतं.

हे 'ओ. ड.' नक्की काय आहे? आणि काढायचं की ठेवायचं? कृपया जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_फिटर_सातपूर

ताई, काहीही काढू नका. भंगारात तर नाहीच.

'ओ. ड.' म्हणजे ओव्हरड्राइव्ह, रस्त्यावर इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर. माझं सगळं आयुष्य जीपच्या खाली गेलं, तरी त्या काळी लावलेला आणि अजून जागेवर असलेला ओव्हरड्राइव्ह मी नाशकात दोनदाच पाहिला.

गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस असते, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी. तुमच्या जीपच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे स्पायसर १८ ला, मागच्या बाजूने एक तोंड असतं. पीटीओ, म्हणजे इंजिनच्या जोरावर बाहेरचं यंत्र चालवायची सोय, जोडण्यासाठी ते ठेवलेलं. वॉर्न कंपनीचा ओव्हरड्राइव्ह त्याच तोंडातून आत सरकतो. आतला मूळ गिअर काढून त्या जागी हा बसतो. चासीला कापाकापी नाही, वेल्डिंग नाही, फक्त दांड्यापुरतं पत्र्याला एक भोक. आत प्लॅनेटरी गिअर आहेत. दांडा घातला की इंजिनचे ३ फेरे होतात तेव्हा प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे चाकांकडे जोर नेणाऱ्या लांब शाफ्टचे, ४ होतात.

याची गरज का पडली ते बघा. सीजे-३बी च्या डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८ आहे, म्हणजे तिसऱ्या गिअरवर इंजिनचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक. शेतात आणि ओढकामाला उत्तम, पण रस्त्यावर ६० च्या वेगाला इंजिन जवळपास २४५० फेरे मारतं. ओव्हरड्राइव्ह घातला की तेच प्रमाण ४.०३ होतं आणि फेरे साधारण १८५० वर येतात. या इंजिनची सगळ्यात जास्त ओढ २००० फेऱ्यांच्या आसपास आहे. म्हणजे सपाटीला इंजिन निवांत चालतं, पेट्रोल वाचतं. तुमच्या आजोबांनी लिटर मोजून लिहिलेत तो हिशोब बरोबर आहे.

आता नीट ऐका. चढावर जीव नाही म्हणता, आणि दांडा हलत नाही म्हणता. मला ही एकच गोष्ट वाटते. दांडा ओव्हरड्राइव्हमध्येच अडकला असणार. तुम्ही घाट ४.०३ वर चढताय. अशी कुठलीही धडधाकट जीप दम सोडेल. इंजिन संपलं हे म्हणण्याआधी हे तपासायला हवं होतं.

तपासणी घरी करता येते. जीप सपाट जागेवर घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा. यात कसूर नको, कारण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर आहे. मागचं एक चाक उचललं की तो जीपला धरून ठेवत नाही, डिफरन्शियल त्याला दाद देत नाही. माणसं अशीच जीपखाली सापडली आहेत.

दगड लावले की मागचं एक चाक जॅकवर घ्या. हँडब्रेक सोडा. इग्निशन बंद, चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. गिअर तिसऱ्यावर, ट्रान्सफर केस हायला (म्हणजे नेहमीच्या रस्त्याच्या गिअरला, ओढकामाच्या लोला नाही), पुढचा एक्सल सुटा. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. एकाला रेघ बघायला बसवा आणि पुढून हँडल घालून इंजिन मोजून ३ फेरे फिरवा. शाफ्टचे ३ झाले तर ओव्हरड्राइव्ह बाहेर आहे. ४ झाले तर आत.

दांड्यावर हातोडा मारू नका. बहुतेक वेळा आतलं काही धरलेलं नसतं, जीपच्या तळपत्र्याखाली दांड्याची पिन गंजते. तिला दोन-तीन दिवस तेल पाजा.

आणि तेल तपासा. ट्रान्सफर केसचं पण आणि ओव्हरड्राइव्हच्या घराला वेगळा प्लग दिसला तर तिथलं पण. आत पितळेचे भाग असतात, म्हणून जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल घाला, जीएल-५ नको.

तबकड्यांचं: ते फ्री व्हीलिंग हब आहेत, पुढची चाकं त्यांच्या शाफ्टला जोडायची-सोडायची सोय. १९४८ साली अमेरिकेत आर्थर वॉर्न आणि त्यांची पत्नी सेडी यांनी युद्धातून उरलेल्या जीपांसाठी ते बनवायला सुरुवात केली. सोडले की रस्त्यावर पुढचे शाफ्ट आणि डिफरन्शियल उगाच फिरत नाहीत, स्टेअरिंग हलकं होतं. पण एक ध्यानात ठेवा. हब सुटे असताना लो गिअर घालून ओढकाम करू नका, सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर जातो. लो घालायच्या आधी खाली उतरून दोन्ही हब लावा. दोन्ही.

पंचवटी_फोरबायफोर

काकांच्या अनुभवाला नमस्कार, पण दुसरी बाजूही मांडतो. माझ्याकडे याच बनावटीच्या जीपमध्ये डीआय डिझेल आहे. पेट्रोल इंजिन ७-८ च्या वर देत नाही, डिझेल सहज १२ देतं. पार्ट कुठेही मिळतात. ताईंना जीप रोज शेतात वापरायची असेल तर खर्चाचा विचार करायलाच हवा. जुनं जपायचं म्हणून ती परत ताडपत्रीखाली जाऊ नये एवढंच.

ओझरकर

कागदाची बाजू मी सांगतो, कारण त्यातून नुकताच गेलोय.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिन यात मोठा बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे तुमची तीन अक्षरी पाटी जाणार नाही.

त्यामुळे ताई, डिझेल टाकलंत की हा दरवाजा बंद. ओव्हरड्राइव्ह आणि हबनी चासी, बॉडी, इंजिन यापैकी कशाचंच रूप बदलत नाही. माझ्या मते ते त्याच काळचे आहेत आणि गाडीच्या इतिहासाचाच भाग आहेत. तपासणीला जाताना वहीचं ते १९७३ चं पान जरूर सोबत न्या.

पण घाई करू नका. व्हिंटेज नोंदणी झाली की ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. बाजारहाट, नाशिकला जाणं-येणं करायचं असेल तर साध्या पद्धतीने फिटनेस करून ५ वर्षांचं नूतनीकरण घ्या. मी तेच घेतलं. माझी जीप मला फिरवायची होती.

आणखी एक. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. गाडीतले पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि इंजिनवरच्या पंपाचा पडदा लगेच बदला. माझा पाइप गरम इंजिनवर ठिबकायला लागला होता, वेळेवर दिसला म्हणून बरं.

द्राक्षबाग_दिंडोरी

काका, ३ फेऱ्यांना ४ झाले.

पहिल्यांदा वाटलं मोजण्यात चुकलं. धाकट्या भावाला रेघेपाशी बसवलं होतं, मी हँडल फिरवत होते. पुन्हा केलं. पुन्हा ४. रेघ बरोबर वर येऊन थांबली तेव्हा तो खालूनच ओरडला. म्हणजे चार वर्षं, आणि कोण जाणे त्याआधी किती, तो दांडा आतच होता. शेवटच्या वर्षी आजोबा म्हणायचे, 'जीप म्हातारी झाली, माझ्यासारखी.' त्यांच्या हातात तेव्हा जोर राहिला नव्हता. दांडा निघत नसणार, आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पिन गंजलेलीच होती. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल सोडलं. चौथ्या दिवशी पिन काढली, तर आतली सळई दोन बोटांनी सरकली. पिन घासून, ग्रीस लावून परत घातली. आता दांडा खट्कन आत-बाहेर होतो.

ट्रान्सफर केसचा प्लग उघडून बोट घातलं तर तेल बोटाला लागलंच नाही. जीएल-४ भरलं. इंजिनचे स्पार्क प्लग काढलेच होते म्हणून ओळखीच्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशनही मोजून घेतलं, चारही सिलिंडरचं जवळपास सारखं निघालं. इंजिन संपलेलं नाही.

काल आईला पुढे बसवून सावळघाटात गेले. दांडा बाहेर. अर्ध्याहून जास्त चढ तिसऱ्या गिअरवर गेली, अवघड वळणांना फक्त दुसरा लागला. वर पोचल्यावर आईने विचारलं, 'आता घालायचा ना तो?' तिला माहीत होतं. आजोबांबरोबर ती कितीदा गेली असेल.

पंचवटीचे दादा, तुमचा मुद्दा पटतो, शेतातल्या रोजच्या कामाला माझ्याकडे पिकअप आहे. जीप आठवड्यातून दोनदा काढीन, पण काढीन नक्की. ओझरकर, म्हणून पाच वर्षांचंच नूतनीकरण करतेय. रबरी पाइप आणि पंपाचा पडदा काल बदलले.

एक शंका उरली आहे. दांडा बाहेर असताना आवाज जवळजवळ गेला. आत घातला की अजून बारीक घुमतो, पूर्वीपेक्षा कमी. हे चालेल का?

निवृत्त_फिटर_सातपूर

बाहेर असताना आतले प्लॅनेटरी गिअर एकत्र बांधल्यासारखे फिरतात, त्यांची एकमेकांत फिरफिर नसते. आवाज फक्त आत घातल्यावर येतो म्हणजे तो ओव्हरड्राइव्हचाच आहे, ट्रान्सफर केसचा नाही. ही चांगली बातमी. थोडा सूर तर नव्या ओव्हरड्राइव्हलाही असतो. पण हा तेलाशिवाय चाललेला आहे, त्यामुळे बेअरिंग बघितल्याशिवाय मी 'चालेल' म्हणणार नाही.

असं करा. दोनशे किलोमीटर चालवा, ओव्हरड्राइव्ह सपाटीलाच आणि पन्नासच्या आतच घाला. मग तेल गरम असताना पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात काढा आणि उन्हात धरा. सोनेरी धूळ थोडी दिसली तर ती जुनी झीज आहे, तेल बदलून पुढे चालवा. बोटाला टोचतील असे लोखंडाचे कण आले तर दांडा बाहेर ठेवा आणि जीप माझ्याकडे आणा, आपण खोलू. बेअरिंग मापाने मिळतात, जुना काढून आकडा वाचला की झालं. गिअर मात्र आता मिळणार नाहीत, म्हणून ते खराब होईपर्यंत थांबायचं नाही.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीचं, कोणी सेटिंग केलं नसेल तर तेही करून देतो. या इंजिनचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये आहेत, नव्या पोरांचा तिथे गोंधळ होतो. थंड इंजिनवर इनटेक १८ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट १६. इंजिन थंड हवं म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळीच जीप सोडून जा. आणि ती वही सोबत आणा, आजोबांनी टॅपेट कधी आणि कितीवर लावले होते ते मला बघायचंय.