मदत हवी आहे : गावातील मोफत सॅनिटरी पॅडच्या यंत्राला पहारा ठेवावा की नाही?

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडे असलेल्या एका लहान गावातील स्त्रीशक्ती संघाचे, म्हणजे बायकांच्या बचत गटाचे, हिशेब मी पाहते. गोव्याला कामाला असलेल्या आमच्या मुलांनी गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत स्वतःची भर घालून सॅनिटरी पॅड देणारे एक यंत्र गावाला दिले आहे. पॅड फुकट द्यायचे हे सर्वांना मान्य आहे. वाद आहे तो फुकट कसे द्यायचे यावर. ज्यांनी असे यंत्र प्रत्यक्ष चालवले आहे त्यांचा अनुभव मला हवा आहे.

यंत्र भिंतीवर टांगायचे, चाळीस पॅड मावणारे आणि मुळात नाणे टाकून चालणारे आहे. ते ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात बसवले. पाच रुपयांचे नवे नाणे ते घेते आणि जुने जाड नाणे खालून परत टाकते. पहिल्याच आठवड्यात खानापूरला कॉलेजला जाणारी एक मुलगी सकाळच्या बसच्या आधी आली. नाणे गेले, आतली स्प्रिंग फिरली, पॅड काठापर्यंत आले आणि तिथेच लटकून राहिले. तिने काचेवर दोनदा बोटाने टकटक केली, मागे वळून पाहिले आणि तशीच निघून गेली. मी पायरीवर उभी होते. पॅड अडकल्यापेक्षा, मी पाहिले हे तिला कळले, याचेच मला जास्त वाईट वाटले.

नाण्याची पेटी काढून साधे बटण बसवता येते, असे दुरुस्तीला आलेल्या मुलाने सांगितले. त्यावर पंचायतीच्या बैठकीत लगेच शंका निघाली की मग एकच बाई चाळीसही पॅड घेऊन जाईल. एका सदस्यांनी सहीची वही ठेवायला सांगितले, दुसऱ्यांनी चावी अंगणवाडीच्या बाईंकडे द्यावी म्हटले, आणि तिसऱ्यांनी कॅमेरा सुचवला. मला हे तिन्ही उपाय पटत नाहीत. चावी मागायला बाईंच्या दारात जायचे असेल, तर दुकानात वर्तमानपत्रात गुंडाळून मिळणारे पॅड काय वाईट होते? कोणाजवळ तोंड उघडावे लागू नये, एवढ्यासाठीच तर यंत्र हवे होते.

शिवाय, आपण नेमके कशाला पहारा देतो आहोत, याचाही मी हिशेब मांडला. जनऔषधी केंद्रातील सुविधा पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक मिळते. गावात पाळी येणाऱ्या साठ जणी आहेत असे धरले, प्रत्येकीला महिन्याला पंधरा लागतात असे धरले आणि सगळ्या जणी फक्त यंत्रातूनच घेतील असेही धरले, तरी महिन्याचा खर्च नऊशे रुपये होतो. भरलेले यंत्र कोणी पूर्ण रिकामे केले तरी नुकसान चाळीस रुपयांचे. सरकारी शाळेतील मुलींसाठी कर्नाटक सरकारची मोफत पॅड देणारी शुचि योजना आहे, म्हणजे त्यातल्या काही जणी वजा होतील. संसारी बायका मात्र तिच्यात येत नाहीत. तेव्हा चोरीपेक्षा मला भीती वाटते ती रिकाम्या यंत्राची, कारण पॅड आणायला कोणाला तरी गावाबाहेर जावे लागते आणि पावसाळ्यात आमच्या भागातून बाहेर पडणे म्हणजे काय, हे कणकुंबीचा पाऊस पाहिलेल्यांना सांगायला नको.

अमेरिकेत २०१७ मध्ये लास व्हेगास शहरात निर्जंतुक सुया देणारी यंत्रे लागली, तेव्हा घेणाऱ्याला क्रमांकाचे कार्ड दिले होते, असे वाचले. तिथला प्रश्न अमली पदार्थांचा आणि त्यातून पसरणाऱ्या रोगांचा आहे, आपला तो नाही. पण नावाऐवजी क्रमांक ही युक्ती आपल्याकडे कोणी वापरली आहे का? की साठ घरांच्या गावात कोणता क्रमांक कोणाचा हे आठ दिवसांत सगळ्यांना कळेल?

दुसरा प्रश्न असा की याच यंत्रात ओआरएसच्या पुड्या आणि निरोध ठेवता येतील का. दोन्ही वस्तू प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, परंतु तिथे साठ्याच्या नोंदवहीत हिशेब द्यावा लागतो, आणि यंत्रात टाकलेल्या वस्तूचा हिशेब कोणाच्या नावावर लिहायचा, यावर गाडी अडली आहे. निरोधचे नाव निघताच बैठकीतील ज्येष्ठ मंडळी छताकडे पाहू लागली, हे वेगळेच.

आपल्या पंचायतीने हे काम मंजूर केले असल्यास पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) दिलेल्या अर्जातील शब्द कृपया इथे द्यावेत.

प्रतिसाद, निपाणीहून :

ताई, मी हायस्कूलमध्ये शिकवते आणि आमच्याकडचे यंत्र तीन वर्षे सांभाळते आहे. वही ठेवू नका. आम्ही महिनाभर ठेवली होती, आणि त्या महिन्यात एकाही मुलीने पॅड घेतले नाही. बटण बसवताना, एक पॅड पडल्यावर काही मिनिटे ते चालणार नाही, अशी सोय मागून घ्या. मुले गंमत म्हणून दाबतात ते त्याने थांबते. लटकण्याचे कारण बहुधा स्प्रिंगच्या वेढ्यांतील अंतर आहे. ते एका ठरावीक जाडीच्या पॅडसाठी असते, त्यामुळे आधी पॅड ठरवा आणि मग स्प्रिंग बदलून घ्या. दमट हवेत कागदी वेष्टन फुगते, म्हणून पावसाळ्यात दहा-पंधराच भरावेत आणि बाकीचे पत्र्याच्या डब्यात ठेवावेत. यंत्र व्हरांड्यातून काढून बायकांच्या स्वच्छतागृहात आतल्या भिंतीवर लावा.

धागाकर्तीचे उत्तर :

मनःपूर्वक आभार. स्प्रिंगचे आमच्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते. आम्ही रोज काच ठोकत होतो. आतल्या भिंतीची सूचनाही पटली, मात्र तिथे वीज नाही, ती तार पंचायतीकडून ओढून घ्यावी लागेल. वापरलेल्या पॅडचे काय करता, तेवढे कृपया सांगा. जाळण्याचे लहान विजेचे यंत्र घ्यावे असे काही जण म्हणतात, पण त्यात प्लास्टिक पुरते जळत नाही आणि धूर शाळेकडे जाईल. सॅनिटरी कचरा वेगळा गुंडाळून द्यावा असा नियम २०१६ पासून आहे, तेव्हा पंचायतीच्या स्वच्छवाहिनीत, म्हणजे कचरागाडीत, तो तसाच देता येईल, असे मला वाटते. गाडीवरच्या ताई आमच्याच संघातल्या आहेत. त्यांना हातमोजे मिळणार असतील तरच त्या हो म्हणतील, आणि ते बरोबरच आहे.