निर्गुडी अशी ओळखा

निर्गुडी हे औषधी झुडूप कसं ओळखायचं असं एकाने विचारलंय. आमच्या गुहागरकडे ती वईला, म्हणजे कुंपणालाच असते, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून. एका देठाला तीन किंवा पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढरट. चुरगळली की उग्र वास येतो. माझा पाय मुरगळला की आई पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेकायची. सोसवेल इतकाच गरम हवा, कातडी लगेच भाजते.

पण ऐकीव माहितीवर रानातलं काहीही पोटात घेऊ नका, कळकळीने सांगते. आपल्याच रानात काजऱ्याचं झाडही आहे. नारिंगी, गोल, देखणं फळ, आणि बियांत स्ट्रिकनीन नावाचं जहाल विष. मुलांना ते झाड आधी दाखवा.